लॉजच्या खोलीला पडवी नसते

(रोहा येथे महिला मंडळे व बचत गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय कळवला तेव्हा दोघीतिघी हसल्या. म्हणाल्या, "ताई, दारू, हुंडा, रेशन सोडून हे काय काढलंत? फिरायला गेल्यावर पोरांनी झोपायचं कसं, हा काय भाषणाचा विषय आहे?" हसायला माझी हरकत नाही. पण सहलीला, देवदर्शनाला, लग्नाला परगावी जायचं ठरलं की घरातलं कोण मागे राहतं, ते एकदा मोजून बघा. मग बोलू.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आपल्या गटांतल्या बायका जास्त फिरायला लागल्या, हे मी डोळ्यांनी बघते आहे. पालीचा बल्लाळेश्वर आपल्या उंबऱ्यातच आहे. सकाळी गेलं की दुपारच्या जेवणाला घरी. पण अष्टविनायक पुरे करायचे म्हणजे ओझर, लेण्याद्री, सिद्धटेक आले. पंढरपूर, तुळजापूर, कोल्हापूर आलं. तिथे मुक्काम करावाच लागतो. आणि मुक्काम आला की ऐनवेळी एक नाव गळतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचं.

कारणं ठरलेली असतात. तिची परीक्षा आहे, तिला गाडी लागते, आजीजवळ कुणीतरी हवं. मी घरभेटीला जाते तेव्हा खरं कारण शेवटी, चहाचा कप खाली ठेवताना येतं. "एकच खोली घेणार ना आम्ही. पोरगी मोठी झाली, पोरग्यालाही मिसरूड फुटलंय. दोघांना झोपवायचं कुठं?" मोठी दोघंही झालेली असतात. मोठं झाल्यामुळे घरी राहायचं मात्र तिनेच. मुलाला "तू मोठा झालास, आता येऊ नको" असं सांगितलेलं मी अजून एकाही घरात ऐकलेलं नाही.

हा प्रश्न आपल्याला घरी का पडत नाही, याचा मी बराच विचार केला. आपलं कोकणातलं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. पुढे ओटी, बाजूला पडवी, आत माजघर. पुरुष ओटीवर, बायका-पोरं माजघरात. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की त्याची वाकळ एक दिवस आपोआप बाहेर जाते. कुणाला काही बोलावं लागत नाही. हेच लोक चाकरी करायला मुंबईला गेले. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तिथेही पोरगे गॅलरीत आणि पोरी आत. गॅलरी म्हणजे चाळीतली पडवीच.

या व्यवस्थेचं कौतुक मी करत नाही. बाहेरचा वारा त्याच्या वाट्याला आला आणि आतला धूर तिच्या. बाहेर झोपणारा मुलगा रात्री गावभर हिंडून आला तरी कळत नाही, आणि आतली मुलगी कूस बदलली तरी आईला जाग येते. पण ही व्यवस्था चालत होती ती घराच्या आकारामुळे. आपण त्याबद्दल कधी तोंडाने बोललो नाही. बोलायची सवयच नाही.

आता लॉजची खोली आठवा. चार भिंती, मधोमध एक डबल बेड, समोर टीव्ही, कोपऱ्यात बाथरूम. ही खोली नवरा-बायकोसाठी बांधलेली असते. बाकी कुणीही आलं तरी ते 'एक्स्ट्रा'. बुकिंग करताना बहुतेक ठिकाणी बारा वर्षांवरचं मूल मोठ्यात धरतात.  पैसे घेताना मुलगी मोठी, झोपायला जागा देताना मात्र "वर दोन गाद्या टाकून देतो, चालतंय ना?" त्या गाद्यांवर कोण झोपतं? हे मी ठिकठिकाणच्या बैठकांत विचारते आणि उत्तर बहुतेक एकच येतं. वडील दमलेले म्हणून बेडवर, त्यांच्याशेजारी मुलगा. आई आणि मुलगी खाली, बाथरूमच्या दाराशी. रात्री जो उठेल तो त्यांना ओलांडून जातो.

एक गंमत बघा. कोकण रेल्वे आपल्या रोह्यापासून सुरू होते. त्या गाडीच्या स्लीपर डब्यात परके बायका-पुरुष हाताच्या अंतरावर झोपतात. भाऊ मधल्या बर्थवर, बहीण वरच्या. कुणाच्या मनात काही येत नाही. कारण तिथे माणशी एक बर्थ. लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपर वर्गातले सहा बर्थ बायकांसाठी राखीवही असतात. म्हणजे एका छताखाली झोपणं ही अडचण नव्हेच. स्वतःची पाठ टेकायला स्वतःची जागा आणि अंगावर स्वतःची चादर, एवढं मिळालं की पुष्कळसा संकोच संपतो. लॉजमध्ये नेमकं तेच मिळत नाही.

इंग्लंडात १९८५ च्या घरबांधणी कायद्यात घर दाटीचं कधी मानायचं हे लिहून ठेवलंय. नवरा-बायकोसारखं न राहणाऱ्या, दहा वर्षांच्या वरच्या स्त्री-पुरुषांना एका खोलीत झोपण्यावाचून गत्यंतर नसेल, तर ते घर दाटीचं. तसा कायदा आपल्याकडे आणा असं मी म्हणत नाही. आणला तर आपली कितीतरी घरं त्यात सापडतील. पण त्यांनी हा प्रश्न जागेचा मानला. आपण तो मुलीच्या अब्रूचा करून टाकतो आणि तिलाच घरी ठेवून सोडवतो.

तिला काय वाटतं हे विचारायची पद्धतच नाही. आमच्या किशोरी गटात एक मुलगी बोलली. नाव-गाव सांगत नाही. लॉजवर ती भिंत आणि आई यांच्यामध्ये झोपली होती. रात्री पाळी आली. खाली लॉजची पांढरी चादर. डाग पडला तर काउंटरवर पैसे मागतील, वडील विचारतील कशाचे, भाऊ ऐकेल. पोरगी रात्रभर कुशीवर वळली नाही. पहाटे बाथरूममध्ये साबणाच्या वडीने चादर घासत बसली आणि बाहेरून भाऊ दार वाजवत होता. पुढच्या वेळी तिने स्वतःच सांगितलं, मी येत नाही. घरचे म्हणतात, तिला फिरण्याची आवडच नाही! देवदर्शनाची सहल असेल तर कित्येक आया पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दुकानातून आणून मुलीला देतात, डॉक्टरांना न विचारता. त्यावर वेगळं बोलावं लागेल, आज थांबते.

मुलांचंही ऐकायला हवं. या वयात झोपेत वीर्य जातं. त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं आणि आपण त्याला काकाशेजारी एका पांघरुणात झोपवतो. एका आईने सांगितलं की तिचा पंधरा वर्षांचा मुलगा लॉजवर पँट-बेल्टसकट झोपला. तिला वाटलं, हट्टी आहे. माझ्या मते तो लाजत होता.

"पण ताई, जग कसलं आहे! सुरक्षितता नको का बघायला?" बघायला हवीच. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांच्या छळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यं, त्यात महाराष्ट्रही, आणि १२,४४७ मुलं. त्यांतल्या ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यांत मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच होती. छळ करणारे निम्मे लोक ओळखीतले, विश्वासातले. आता आपण काय करतो? सख्ख्या बहीण-भावांत अंतर ठेवायला जागे राहतो आणि भाडं वाचवायला चुलतभाऊ, मावसकाका, गाडीचा ड्रायव्हर यांना त्याच खोलीत घेतो. "घरचाच आहे." मुलगी कुरकुरली तर "उगाच नाटकं करू नको."

"भावापासून लांब झोप" एवढंच तोडून सांगितलं की ती समजते आपल्या शरीरात काहीतरी खोट आहे, आणि तो समजतो आपल्यावर संशय आहे. काल एका ताटात जेवलेली भावंडं आज एकमेकांकडे बघेनाशी होतात. त्यापेक्षा सरळ सांगा, तुम्ही दोघं वाढताय, दोघांनाही आपापली जागा हवी. आणि मूल कुणाबद्दलही काही बोललं, मग तो काका असो, भाऊ असो की बाप, तर आधी विश्वास ठेवा. २०१२ चा पॉक्सो कायदा अठराच्या आतल्या मुलग्यांनाही आहे. १०९८ हा नंबर पोरांना पाठ असू द्या.

एकट्या आईचं दुखणं निराळंच. वयात आलेली दोन मुलं घेऊन बाई काउंटरवर गेली की प्रश्न येतो, "जेंट्स कोण आहे बरोबर?" आमच्याकडे येणाऱ्या एका विधवा बाईला सोळा वर्षांच्या मुलाचं नाव रजिस्टरात आधी लिहायला सांगितलं होतं. खोलीचे पैसे तिने दिलेले. तिने पेन हातात घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. भांडण नाही, काही नाही.

आता करायचं काय? घरून निघण्याआधी मुलाला आणि मुलीला वेगवेगळं विचारा, कुठं झोपायला बरं वाटेल. काउंटरवर, चार माणसांत विचारू नका. दोन खोल्या परवडत असतील तर एकीत आई-मुलगी, दुसरीत वडील-मुलगा. भावंडांना रात्री गप्पा मारत बसायचं असेल तर बसू द्यावं. अर्ध्या तिकिटात आईचे आणि मुलीचे जे वाचले ते त्याच कामाला लावायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर ते हॉटेलातल्या जेवणात कुठे गेले ते कळत नाही. एकच खोली असेल तर जागा आधी मुलीने निवडावी. वडील आणि मुलगा गादीवर झोपले म्हणून काही बिघडत नाही. माणशी एक पांघरूण, घरून नेलेली गडद रंगाची एक चादर, बाथरूमची कडी आत गेल्या गेल्या तपासायची, आणि पिशवीत एक दोरी. खिडकीच्या गजापासून खुंटीपर्यंत दोरी बांधून साडी टाकली की आडोसा होतो. आपल्या आज्यांनी पाहुण्यांच्या घरात हेच केलं.

पुष्कळशी माणसं मिळून जात असाल तर आणखी सोपं. वारीत अनेक दिंड्यांमधून बायकांच्या राहुट्या वेगळ्या असतात, तसंच. मागच्या वर्षी आपल्याकडच्या एका बचत गटाने सहकुटुंब अष्टविनायक केले तेव्हा भक्तनिवासात दोन मोठ्या खोल्या घेतल्या. एक बायका-मुलींची, एक पुरुष-मुलग्यांची. पाच मुली बरोबर होत्या, घरी कुणालाच ठेवलं नव्हतं. अकरा वर्षांच्या एका पोराला आईने विचारलं, तू कुठे? तो ऐटीत म्हणाला, बाबांकडे. मध्यरात्री उशी घेऊन बायकांच्या खोलीचं दार वाजवायला आला. कुणीतरी दिवा न लावता कडी काढली, आईने गादीवर सरकून जागा केली, आणि तो झोपला.