व्हॉल्व्हच्या पाठीवरचा कार्बन कोणाचा?



पत्रिकेवर 'डायरेक्ट इंजेक्शन इंजिन आणि कार्बन' असा विषय वाचून बरीच मंडळी गाडीची किल्ली खिशात चाचपत आलेली दिसतात. टाकीत काय ओतायचं ते वक्ता सांगेल, अशी आशा असणार. तर आधीच सांगतो, ओतायचं काही नाही. टाकीत रिकामी केलेली कुठलीही बाटली या कार्बनपर्यंत पोचत नाही. चार स्ट्रोकचं इंजिन कसं चालतं ते तुम्ही शाळेत शिकला आहात, त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा हा थर मुळात चालवणाऱ्याच्या सवयीचा, पेट्रोलमधल्या भेसळीचा किंवा गॅरेजवाल्याच्या आळसाचा दोष नव्हे. गेली साठ वर्षं मोटारीतली घाण ज्या ज्या जागी मोजली गेली, तिथून ती हलवली गेली. हलता हलता ती अशा एका जागी येऊन बसली जिथे आज कुणी मोजत नाही.

जुन्या पद्धतीत, म्हणजे पोर्ट इंजेक्शनमध्ये, पेट्रोल तीन-चार बार दाबाने इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवरच फवारलं जायचं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये ते थेट सिलिंडरमध्ये जातं आणि दाब आजच्या काही इंजिनांत ३५० बारपर्यंत असतो. फायदे खरे आहेत. पेट्रोलची वाफ होताना सिलिंडरमधली हवा गार होते, त्यामुळे कॉम्प्रेशन रेशो वाढवता येतो, नॉकिंग टळतं आणि छोट्या टर्बो इंजिनातून मोठी ताकद निघते. मित्सुबिशीने १९९६ मध्ये गॅलांटमध्ये हे तंत्र आणलं आणि पुढे ते जगभर गेलं. आता आपल्याकडे वेन्यू, सेल्टॉस, थार, कुशाक अशा गाड्यांच्या टर्बो पेट्रोल इंजिनांतही तेच आहे. पण व्हॉल्व्हची पाठ आता पेट्रोलने भिजत नाही. क्रँककेसमधून परत येणारी ऑइलची वाफ, व्हॉल्व्ह गाइडमधून झिरपणारं थोडं ऑइल आणि सिलिंडरमधून उलट येणारा जळका वायू हे सगळं त्या गरम धातूवर बसतं आणि भाजून घट्ट होतं. फोडणीच्या वाफेने एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांवर जो चिकट थर चढतो, त्याच जातीचं हे प्रकरण आहे. फरक इतकाच की पातं डोळ्यांना दिसतं. थर वाढला की हवेची वाट अरुंद होते, सकाळी थंड इंजिन अडखळतं, आयडलिंगला थरथरतं आणि वरच्या आरपीएमला दम कमी पडतो. टाकीतल्या डिटर्जंटने इंजेक्टरची टोकं स्वच्छ राहतील, तो फायदा मी नाकारत नाही. पण ज्या पृष्ठभागाला पेट्रोल लागतच नाही, तो पेट्रोलमधलं औषध कसं धुणार?

आता कुणी म्हणेल, व्हॉल्व्हवर कार्बन तर पोर्ट इंजेक्शनच्या काळातही बसायचा. बसायचा, आणि माझ्या म्हणण्याला खरा आधार तिथेच मिळतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत ही तक्रार इतकी वाढली की त्यासाठी एक चाचणी तयार झाली. बीएमडब्ल्यू ३१८आय ही गाडी १०,००० मैल चालवायची, मग इनटेक व्हॉल्व्ह काढून त्यांच्यावरचा थर तराजूत तोलायचा. सरासरी थर व्हॉल्व्हमागे १०० मिलिग्रॅमच्या आत राहिला तर ते पेट्रोल पास. व्हॉल्व्ह तराजूत गेला आणि पेट्रोल सुधारलं. १९९५ पासून तिथे सगळ्या पेट्रोलमध्ये डिटर्जंट सक्तीचं झालं. २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा यांनी मिळून 'टॉप टिअर' हा त्याहून कडक दर्जा ठरवला. म्हणजे उत्तर सापडलेलं होतं, आणि ते पेट्रोलात होतं. नेमकं त्याच सुमारास इंजिनवाल्यांनी पेट्रोल व्हॉल्व्हपासून दूर नेलं.

मग ऑइलची वाफ मुळात इनटेकमध्ये सोडली कुणी? इथे थोडं आडवळण घेतो. हा माणूस मला टाळता येत नाही. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. लॉस एंजेलिसच्या हवेत डोळे चुरचुरायला लागले तेव्हा वास पकडायचं तेच कसब त्यांनी शहराच्या हवेवर चालवलं. गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यापासून सूर्यप्रकाशात ओझोन तयार होतो, हे त्यांनी पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. ओझोन मोजायला त्यांनी काय वापरलं असेल? वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या! हवा जितकी खराब तितक्या लवकर पट्टीला भेगा. तेल उद्योगाने पैसे पुरवलेल्या संशोधकांनी त्यांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला, पण ते मागे हटले नाहीत. पुढे ते कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचे पहिले अध्यक्ष झाले. आणि हो, गाडीतून हायड्रोकार्बन फक्त सायलेन्सरमधून निघत नव्हते. पिस्टनच्या कडेने खाली निसटणारा वायू क्रँककेसमध्ये यायचा आणि तिथून एका नळीने सरळ रस्त्यावर सोडला जायचा. कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये यावर पहिला इलाज सक्तीचा केला, तो पीसीव्ही. हा वायू बाहेर न सोडता इनटेकमध्ये परत खेचायचा आणि जाळायचा. अमेरिकेतला गाड्यांच्या प्रदूषणावरचा हा पहिला सक्तीचा इलाज. माझ्या मते तो अतिशय योग्य होता, आणि पीसीव्ही काढून टाका असं मी म्हणतो आहे असा कृपया कुणी समज करून घेऊ नये. हवा मोजली गेली म्हणून हवा सुधारली. ऑइलची वाफ मात्र नाहीशी झाली नाही, तिची जागा बदलली. पेट्रोल तिला रोज धुवून टाकत होतं तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणतात. अननसाने बराच वेळ खाल्ला.

तर पुरावा. २००५ मध्ये लेक्ससने आयएस मालिकेची नवी पिढी आणली. आयएस २५० मध्ये फक्त डायरेक्ट इंजेक्शन होतं. आयएस ३५० मध्ये प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर, एक सिलिंडरमध्ये आणि एक पोर्टमध्ये. कंपनी एक, इंजिनांचं घराणं एक, पेट्रोल पंप तेच. कार्बनच्या तक्रारींसाठी बदनाम झाली ती आयएस २५०. दोन इंजिनांत इतरही फरक होते आणि दुसरा इंजेक्टर फक्त व्हॉल्व्ह धुवायला बसवलेला नव्हता, हे मान्य. तरी इतकी जवळची तुलना प्रयोगशाळेबाहेर क्वचित मिळते. दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. फोक्सवॅगन समूहाने २०११ मध्ये आपल्या ईए८८८ इंजिनाच्या तिसऱ्या पिढीत युरोपात दोन्ही प्रकारचे इंजेक्टर दिले. अमेरिकेत तेच इंजिन नुसत्या डायरेक्ट इंजेक्शनवर विकलं. युरोपात धुरातल्या सूक्ष्म कणांची संख्या मोजण्याचा नियम येऊ घातला होता, म्हणून तिथे दुसरा इंजेक्टर आला. ग्राहकाचा व्हॉल्व्ह स्वच्छ राहिला तो त्या नियमाच्या ओघात.

चाकणच्या मोटार कारखान्यांतली काही मंडळी सभागृहात आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर आक्षेप स्पष्ट दिसतो आहे. ते म्हणतील, हे जुनं झालं. आता ऑइल सेपरेटर चांगले आहेत, व्हॉल्व्हचं टायमिंग बदलता येतं, थर पूर्वीइतका बसत नाही. बऱ्याच इंजिनांबाबत हे खरं आहे, आणि ज्यांची गाडी लाखभर किलोमीटर बिनतक्रार चालली त्यांना मी घाबरवायला आलेलो नाही. पण 'कमी बसतो' म्हणजे किती कमी, हे ग्राहकाला कुठल्या कागदावर वाचायला मिळतं? दुसरा आक्षेप: हायवेवर गाडी पिटाळली की कार्बन जळून जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सातशे अंशांच्या आसपास तापतो, तिथे तो जळेलही. इनटेक व्हॉल्व्हला दर फेरीत बाहेरची हवा गार करते, त्यामुळे तिथला थर जळण्याइतकं तापमान सहसा येतच नाही. ऑइलची वाफ अडवणारी कॅच कॅन बसवली तर वाफेचा एक रस्ता आवळला जातो, बाकीचे उघडेच राहतात, वर वॉरंटीचा वाद निघतो तो वेगळाच. सर्व्हिसिंगच्या बिलावर 'डिकार्बनायझिंग' असं लिहून येतं, त्याबद्दल एकच विचारा: औषध इनटेकमधून गेलं की टाकीतून? हायड्रोजनवालं यंत्र लावलं असेल तर तो वायू जळतो सिलिंडरच्या आत, व्हॉल्व्हच्या पाठीमागे नाही. इनटेकमधून फवारा मारला तर पातळ थर सुटतो. जुना कडक थर त्याला दाद देत नाही, आणि टर्बो इंजिनात सुटलेले तुकडे पुढे कुठे जातील याचाही विचार हवा.

खात्रीचा उपाय एकच आहे. इनटेक मॅनिफोल्ड उतरवायचा, ज्या सिलिंडरवर काम करायचं त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत हे बघायचं आणि दाबाच्या हवेने अक्रोडाच्या कवचाचा चुरा मारायचा, सोबत व्हॅक्यूम लावून तो खेचून घ्यायचा. कवच कार्बन फोडतं, धातूला ओरखडा काढत नाही. बीएमडब्ल्यूने स्वतःच्या वर्कशॉपसाठी ही पद्धत आणि तिची हत्यारं ठरवून दिलेली आहेत. म्हणजे कार्बन साचतो हे कंपन्यांना ठाऊक नाही, असं कुणी म्हणू शकत नाही. पण आधी बोअरस्कोप घालून बघावं आणि थर असेल तरच हे काम करावं. किलोमीटर मोजून दरवेळी अक्रोड मारणं हाही एक धंदाच होईल.

ई२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल चिठ्ठ्या आल्या आहेत. इथेनॉल असो वा नसो, इंधन सिलिंडरमध्येच पडणार, तेव्हा व्हॉल्व्ह त्याने धुतला जाणार नाही. 'आता विजेच्या गाड्या येणार, कशाला काळजी?' असंही एकाने लिहिलं आहे. आज शोरूममधून निघालेल्या पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, तेवढी काळजी तरी करावी लागेल.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: टिकाऊपणाची चाचणी असते ना? असते. आपली बीएस-६ ज्या युरोपीय नियमांवर बेतली आहे, त्यांत १,६०,००० किलोमीटरचा टिकाऊपणा धरलेला आहे. पण त्यात मोजतात सायलेन्सरमधून निघतं ते, आणि प्रत्यक्ष गाडी तेवढी न पळवता ठरावीक गुणकाने आकडे वाढवून दाखवायचीही त्यात सोय आहे. इंजिन उघडून व्हॉल्व्ह तोलत नाहीत. १०,००० मैलांची चाचणी पेट्रोलासाठी होऊ शकली, तर तशीच ती इंजिनासाठी करायला काय हरकत आहे? गाडी चालवा, व्हॉल्व्ह काढा, तोला, आणि आकडा मायलेजच्या आकड्याशेजारी छापा. दुसरा इंजेक्टर महाग पडतो, हे कंपन्यांचं म्हणणं मी ऐकून घेईन, पण तो आकडा छापून आल्यावर. अध्यक्ष उभे राहिले आहेत, मी थांबतो. उरलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरं बाहेर चहाच्या टेबलापाशी देईन.