न पिणाऱ्याचं यकृत

अब्बांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नाही. तरी १९९४ साली यकृत निकामी होऊन, पोटात पाणी होऊन ते गेले. मोहल्ल्यात कुजबुज झालीच, 'लपून पीत असणार.' अम्मी दुःखापेक्षा त्या कुजबुजीनं जास्त खचली.

परवा माझ्या सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' निघालं. डॉक्टरांनी आधी घराण्याची चौकशी केली. पीएनपीएलए-३ या जनुकातल्या एका बदलाचा या आजाराशी संबंध २००८ मध्ये उघड झाला, म्हणजे अब्बांनंतर चौदा वर्षांनी. हा बदल असला की यकृतात चरबी साठण्याकडे कल वाढतो. आईबाप दोघांकडून आला तर अधिकच. दारूचा थेंब न घेताही, सडपातळ माणसालाही.

पण सगळंच जनुकांवर ढकलता येत नाही. अब्बांकडून मला मधुमेह आला, तशी ईदला शीरखुर्म्याची तिसरी वाटी मागायची सवयही आली. ती जनुकात कुठली! वजन सात ते दहा टक्के उतरवा, असं डॉक्टरांनी बजावलंय.

धाकट्या भावाला म्हटलं, तूही तपासून घे. तो म्हणतो, "भाईजान, लिव्हरची तपासणी म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" उद्या सकाळी मीच त्याला घेऊन जाणार आहे.