मुक्त करायला येणाऱ्या फौजा

(एदोगावा येथे झालेल्या मासिक बैठकीतील भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली काही इंग्रजी वाक्ये मराठीत आणली आहेत. बाकी फारसा बदल केलेला नाही.)



संयोजकांनी दिलेला विषय असा आहे: बलाढ्य राष्ट्राने दुसऱ्या देशात लष्करी हस्तक्षेप करावा का? मी इतिहासाची अभ्यासक नाही. प्रथिनांच्या रचनेवर संशोधन करून पोट भरते. पण आमच्या कामातली एक सवय इथे उपयोगी पडेल. औषध चांगले की वाईट हे ते बनवणाऱ्याच्या हेतूवरून आम्ही ठरवत नाही. किती रोग्यांना दिले, किती बरे झाले, किती दगावले आणि मोजणी कोणी केली, हे विचारतो. औषध विकणाऱ्यानेच मोजणी केली असेल तर जरा जास्त बारकाईने बघतो.

हा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा लगेच इराकवर जाते. २००३ साली अमेरिकेने सांगितलेली महाविध्वंसक शस्त्रे सापडली नाहीत, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेला चार शब्द सुनावले की आपण घरी जायला मोकळे. आज ते सोपे काम बाजूला ठेवू. ज्या फौजा 'आपल्यासाठी' निघाल्या होत्या आणि ज्या फौजा आपल्याच होत्या, त्यांच्याबद्दल बोलू.

सेवाग्रामहून आलेले पत्र

आपल्या एदोगावात फ्रीडम प्लाझामध्ये गांधीजींचा अर्धपुतळा आहे. जुलै २०२४ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी त्याचे अनावरण केले. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तिथे फोटो काढले असतील. याच गांधीजींनी जुलै १९४२ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामहून जपानी जनतेला उद्देशून एक पत्र लिहिले होते, आणि ते 'हरिजन'मध्ये छापून आले होते.

काळ लक्षात घ्या. फेब्रुवारीत सिंगापूर पडले होते. मार्चमध्ये रंगून आणि अंदमान जपानच्या हातात गेले होते. 'छोडो भारत'चा ठराव दोन-तीन आठवड्यांवर आला होता. शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, असे मानायला यापेक्षा सोयीची वेळ कुठली? तरीही पत्राचा आशय असा आहे: चीनवरचे तुमचे आक्रमण आम्हाला मान्य नाही, आम्ही एका साम्राज्यशाहीशी लढतो आहोत म्हणून दुसरीचे स्वागत करू असे समजू नका, आणि तुम्ही आलात तर आम्ही तुमचाही प्रतिकार करू.

नेताजींचे मत वेगळे होते. आपण सुगिनामीच्या रेन्कोजी मंदिरात जातो, तिथे नतमस्तक होतो, आणि त्यांच्या त्यागाबद्दल माझ्याही मनात शंका नाही. पण प्रयोगाचा निकाल पाहायचा तर अंदमानकडे पाहावे लागते. नोव्हेंबर १९४३ मध्ये टोकियोच्या परिषदेत पंतप्रधान तोजो यांनी अंदमान-निकोबार बेटे आझाद हिंद सरकारकडे सोपवण्याचे जाहीर केले. डिसेंबरअखेर नेताजी पोर्ट ब्लेअरला जाऊन आले. प्रत्यक्ष ताबा जपानी नौदलाकडेच राहिला. ३० जानेवारी १९४४ रोजी होम्फ्रेगंज इथे हेरगिरीच्या संशयावरून ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यातले बरेचसे इंडियन इंडिपेंडन्स लीगचे, म्हणजे जपानच्या बाजूने असलेल्या संघटनेचेच लोक होते. त्या लीगचे तिथले प्रमुख डॉ. दिवाण सिंग त्याच महिन्यात छळामुळे मरण पावले, तेही सेल्युलर जेलमध्ये. मराठी घरांत अंदमान म्हटले की काळे पाणी आठवते. त्याच कोठड्यांचा मुक्तिदात्यांनी केलेला हा वापर आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी भेटला नाही.

पाच दिवसांची कारवाई

आता आपल्या अंगणात येऊ. हैदराबाद हा 'दुसरा देश' होता का, यावर वाद घालता येतो. १९४७ च्या कायद्याने ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले आणि निजामाने त्याचा अर्थ स्वातंत्र्य असा लावला. त्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रारही केली होती. भारत सरकारच्या मते हा देशांतर्गत प्रश्न होता. वाद बाजूला ठेवला तरी एक बलवान सत्ता फौज घेऊन दुसऱ्या सत्तेच्या मुलखात गेली, हे तर खरेच आहे. आणि त्या मुलखात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते.

फौज जायला हवी होती का? माझे उत्तर आहे, होय. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे लोक आत राहून लढत होते, तुरुंगात जात होते. बहुसंख्य जनतेला राज्यकारभारात आवाज नव्हता. रझाकारांनी गावेच्या गावे जाळली. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला. हाक आतून आली होती, आणि ती एका धर्माच्याच लोकांची नव्हती.

१३ सप्टेंबरला मुख्य फौज सोलापूरच्या बाजूने आत शिरली, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. आमच्या घरी हा दिवस सणासारखा असायचा. माझे आजोबा उस्मानाबाद जिल्ह्यातले, सरहद्दीवरच्या कँपमध्ये राहिलेले. रझाकारांच्या गोष्टी त्यांनी आम्हाला कितीदा तरी सांगितल्या. मात्र गावातली एक अख्खी आळी ओस का पडली, हे विचारले की ते विषय बदलत. ती माणसे कुठे गेली, हे मला पुढे वाचूनच कळले.

नेहरूंनी नोव्हेंबर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सद्भावना मंडळ हैदराबाद राज्यात पाठवले. त्यात काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे दोघे होते. राज्याच्या १६ जिल्ह्यांपैकी ९ जिल्ह्यांत ते हिंडले. त्यांचा अंदाज असा की पोलिस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर मिळून २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली. मेलेले बहुतेक मुसलमान होते. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. काही ठिकाणी सैनिक आणि पोलिसही लुटीत, अत्याचारात सामील होते, असे अहवालात नोंदवले आहे. ज्या ठिकाणी लष्कराने लोकांना वाचवले आणि हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना आसरा दिला, तेही नोंदवले आहे.

सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. अनेक दशके तो बासनात राहिला. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी तो मिळवून छापला, तोवर साक्षीदार जवळजवळ संपले होते.

या आकड्याबद्दल शंका घेता येते. तीन माणसांनी तीन-चार आठवड्यांत हिंडून केलेला तो अंदाज आहे. पण शंका दूर करण्याचा उपाय म्हणजे अधिक चांगली मोजणी. ती कोणी केली नाही. 'कारवाई योग्य होती' आणि 'त्यानंतरच्या कत्तलीचा हिशेब राहिला' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. सतरा सप्टेंबरच्या भाषणांत आपण पहिले म्हणतो आणि दुसरे गिळतो. रझाकारांनी काय केले ते सांगितले की आपले काम झाले, अशी आपली समजूत असते.

शब्दांचा खेळ

'पोलिस ॲक्शन' या शब्दाकडेही जरा बघा. पाच दिवस रणगाडे आणि विमाने वापरली, पण युद्ध म्हणायचे नाही. डचांनी १९४७ आणि १९४८ साली इंडोनेशियावर ज्या दोन स्वाऱ्या केल्या त्यांनाही त्यांनी पोलिस कारवाईच म्हटले. त्यातली दुसरी डिसेंबर १९४८ ची. तिचा निषेध करायला जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. निषेध रास्तच होता. आपल्या पोलिस ॲक्शनला तेव्हा चार महिने झाले होते.

जपाननेही १९३१ ला मंचुरियात आणि १९३७ ला चीनमध्ये जे केले त्याला 'जिहेन', म्हणजे नुसती 'घटना', असे नाव दिले. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनमध्ये घुसताना 'विशेष लष्करी मोहीम' म्हटले. युद्धाला दुसरे नाव दिले की मेलेल्यांची यादी ठेवण्याची जबाबदारीही हलकी होते. म्हणून कुठल्याही कारवाईचे नाव फार सौम्य वाटले, की मी सावध होते.

परत कधी जाणार?

गोव्याचे पाहू. १९५५ साली निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यात महाराष्ट्रातलेही लोक होते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौज आत गेली आणि दोन दिवसांत ४५१ वर्षांची सत्ता संपली. सुरक्षा समितीत भारताविरुद्ध ठराव आला, तो सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला. म्हणजे नकाराधिकार आपल्यालाही उपयोगी पडलेला आहे, एवढे ध्यानात असू द्यावे. पण गोव्यात एक चांगली गोष्ट झाली. १६ जानेवारी १९६७ ला लोकांना विचारले गेले: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने विलीनीकरण हरले. अनेक मराठी माणसांना ते झोंबले. पण मुक्त झालेल्या लोकांना मुक्त करणाऱ्यांच्या मनाविरुद्ध मत देता आले, आणि ते मानले गेले. मुक्तीची याहून चांगली परीक्षा मला सुचत नाही. भारतात यायचे का, हा प्रश्न मात्र त्या मतपत्रिकेवर नव्हता, हेही सांगितले पाहिजे.

१९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. डिसेंबरमध्ये ढाका मुक्त झाले आणि मार्च १९७२ मध्ये भारतीय फौज तिथून बाहेर पडली. याउलट १९८७ साली श्रीलंकेत शांतिसेना म्हणून गेलेली आपली फौज मार्च १९९० पर्यंत राहिली. सुरुवातीला जाफन्यातल्या तमिळांनी तिला हार घातले होते. ऑक्टोबर १९८७ मध्ये जाफन्याच्या इस्पितळात तिच्या गोळीबारात रुग्ण, डॉक्टर आणि परिचारिका मारल्या गेल्या. आपलेही जवळजवळ बाराशे जवान मेले, आणि शेवटी श्रीलंकेच्याच राष्ट्राध्यक्षांनी तिला निघून जायला सांगितले. दोन्ही वेळा देश तोच होता. मुक्कामाची मुदत मात्र वेगळी होती, आणि आत आपल्याला खरोखर कोण बोलावते आहे याची समजही वेगळी होती.

'मग बघत बसायचे का?'

हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी विचारणारच, आणि तो योग्य आहे. १९९४ साली रवांडात सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे कापली गेली आणि जग बघत बसले. कंबोडियातल्या पोल पॉटला व्हिएतनामच्या फौजेने १९७९ मध्ये हाकलले. कत्तल थांबली, तरी संयुक्त राष्ट्रांनी पुढे अनेक वर्षे पोल पॉटच्या बाजूलाच कंबोडियाची खुर्ची दिली. म्हणून 'कधीच नाही' असे मी म्हणणार नाही. पण २०११ मध्ये नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून लिबियात मिळालेल्या परवानगीचे सत्तापालटात रूपांतर झाले, आणि तो देश पुढे दुभंगला. अपवाद किती पटकन सैल होतो, ते यावरून दिसते.

माझ्या कसोट्या तीन आहेत. हाक आतून आली आहे का, आणि त्यात एकाच गटाचा आवाज नाही ना? परत जाण्याची मुदत आधी जाहीर केली आहे का? आणि मेलेल्यांची मोजणी करायला बाहेरच्या माणसाला आत येऊ देणार का? बलाढ्य राष्ट्राला पहिल्या कसोटीचे नाटक करता येते, दुसरीची तारीख पुढे ढकलता येते. तिसरी मात्र मान्य आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी कळते. जे सरकार मोजणी नाकारते, त्याच्या कारवाईला माझा विरोध राहील, मग झेंडा कोणताही असो.

आपण काय करायचे?

आपण राहतो त्या देशाच्या घटनेत कलम ९ आहे. तरी २००४ ते २००६ जपानी भूदल इराकमधल्या समावात होते. एप्रिल २००८ मध्ये नागोयाच्या उच्च न्यायालयाने हवाई दलाची बगदादमधली वाहतूक घटनेशी विसंगत असल्याचे मत दिले. २०१५ च्या कायद्यांनी मित्रदेशासाठी लढण्याची वाट उघडली. त्या वेळी संसदेसमोर पावसात उभ्या असलेल्या जपानी लोकांत आजीआजोबा पुष्कळ होते. भारतानेही जुलै २००३ मध्ये इराकला फौज पाठवायला नकार दिला होता. तेव्हा वाजपेयींचे सरकार होते, म्हणजे हा काही एका पक्षाचा मक्ता नाही.

परदेशात राहिल्यावर आपला देश ताकदवान दिसावा असे वाटते. ते मलाही वाटते. पण भारताची ताकद वाढेल तशी त्याला शेजारी फौज पाठवण्याचे मोहही वाढतील, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण पुढे असू. म्हणून एक ठोस सूचना करते. येत्या सतरा सप्टेंबरला आपल्या गटात मराठवाडा मुक्तिदिन साजरा करू. स्वामीजींच्या लढ्याबद्दल बोलू, शोएबुल्ला खानांबद्दल बोलू, आणि सुंदरलाल अहवालातली उस्मानाबाद-नांदेडची पाने उघडून मोठ्याने वाचू. ज्यांच्या घरी त्या वर्षाच्या आठवणी सांगणारे कोणी हयात असेल, त्यांनी आत्ताच फोन करून त्या टिपून ठेवाव्यात. फार दिवस हातात नाहीत.

माझे बोलणे इथे संपवते. आता तुमचे आक्षेप ऐकायला आवडेल, विशेषतः मराठवाड्यातल्या मंडळींचे.