निनावी तपासणी आणि भाकरीचा प्रश्न

एच.आय.व्ही.ची तपासणी निनावी व्हावी, असे म्हणणारा माणूस अपराधीच असणार, हा समज आपण प्रथम टाकून दिला पाहिजे. गोपनीय तपासणीत नाव नोंदले जाते व ते झाकण्याचे वचन मिळते. निनावी तपासणीत केवळ क्रमांक असतो. वचनावर ज्याचा विश्वास उरला नाही, तो क्रमांक मागतो.

हा अविश्वास निराधार नाही. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या रक्तदात्यास संसर्ग आढळताच कायद्याच्या आधारे ६४ दिवस डांबून ठेवले गेले. पुढे एका हंगामी कामगाराचे काम याच कारणाने गेले. काम करण्यास समर्थ असलेल्याला केवळ संसर्गापायी रोजगार नाकारता येणार नाही, असा निवाडा १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने दिला. पण तो खटलाही त्याला नाव लपवूनच लढवावा लागला!

२०१७ च्या कायद्याने असा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. परंतु कंत्राटी कामगाराला, सासरी नांदणाऱ्या स्त्रीला कायदा कोर्टात भेटतो, हकालपट्टी मात्र दारातच. ही भीती नष्ट करणे हे संघटनेचे काम आहे. तोवर क्रमांक मागण्याचा त्यांचा हक्क आपण राखलाच पाहिजे.