परदेशातलं सरकारी घर आणि त्यातली माणसं

(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात अभ्यासवर्गातर्फे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी अभ्यासवर्गाच्या वतीने आम्ही चार शब्द बोलतो. यंदाचा विषय मुलींमुळे सुचला. नांदेड-लातूरची लेकरं डॉक्टर-इंजिनिअर होतात हे आता नवं राहिलं नाही; लातूरच्या शिकवण्यांना तर लांबलांबच्या जिल्ह्यांतून मुलं येतात. पण अलीकडे आपल्या वर्गातल्या काही मुली यूपीएससीच्या पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा लिहायचं म्हणतात, आणि घरची माणसं गोंधळतात. कलेक्टर सगळ्यांना समजतो. राजदूत म्हणजे नेमकं काय, हे कुणाला ठाऊक नसतं. एका आईने तर सरळच विचारलं, "तिकडं लेकीचं घर कसं राहील? लेकरं कुठं शिकतील? जावई दिवसभर काय करील?" परराष्ट्र धोरणावर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्हाला हा प्रश्न जास्त मोलाचा वाटला. म्हणून आज धोरण बाजूला ठेवू आणि घराबद्दलच बोलू.

परदेशातलं घर म्हटलं की आपल्या समाजाच्या डोळ्यांपुढे एकच घर येतं. लंडनमधलं १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केलं. ते विद्यार्थ्याचं घर होतं. अर्धपोटी राहून, पुस्तकांच्या ढिगाऱ्यात काढलेले दिवस. राजनैतिक अधिकाऱ्याचं घर त्याच्या अगदी उलट. तिथे जागा भरपूर, मोठ्या पदावर हाताखाली माणसंही असतात, पण त्यातलं काहीच आपलं नसतं. घर सरकारचं, फर्निचर सरकारचं. सरकारी मेजवानीच्या ताटांवर राजमुद्रा असते, म्हणजे आपल्या ओळखीचे सारनाथचे सिंह! कपबशांचीसुद्धा यादी असते आणि बदली झाली की ती मोजून द्यावी लागते. साधारण तीन वर्षांनी सामान पुन्हा पेट्यांत. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या आपल्या माणसांना बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणं काही नवं नाही. फरक एवढाच की यांच्या पेट्यांचं भाडं सरकार भरतं.

हे घर घर कमी आणि ओसरी जास्त असतं. कोण येतं, कोण कुणाच्या शेजारी बसतं, ताटात काय वाढलं जातं, या सगळ्याला अर्थ असतो. आणि पंगतीला कोण बसतं या प्रश्नाचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको.

मराठी माणसाचंच उदाहरण घेऊ. साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत. वडील राजे, स्वतः ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांना नोकरचाकर, दिवाणखाना, मेजवान्या यांचं अप्रूप असण्याचं कारण नव्हतं. १९४८ मध्ये भारत सरकारने त्यांना नैरोबीला ब्रिटिश पूर्व आफ्रिकेतील आयुक्त म्हणून पाठवलं. तेव्हा नैरोबीत तीन जाती होत्या म्हणा ना: गोरे, आशियाई आणि काळे. राहायच्या वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, हॉटेलं वेगळी. यातली बोचणारी गोष्ट अशी की मधल्या पायरीवर बसलेले आपले हिंदी लोक वरच्यांच्या नावाने ओरडत, पण खालच्याला आपल्या घरात घेत नसत. पायऱ्यांची उतरंड परदेशातही सोबत नेली होती.

पंतांनी या गावात आपल्या घराचं दार आफ्रिकन माणसांना उघडलं. जोमो केन्याटा, कोइनांगे अशा पुढाऱ्यांशी त्यांची मैत्री जमली. तिथल्या विद्यार्थ्यांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळाव्यात म्हणून ते झटले. एका टेबलावर सगळ्या रंगांची माणसं जेवायला बसवणं हे त्या काळी भाषणापेक्षा मोठं काम होतं. वसाहतीच्या सरकारला ते खुपलं. १९५२ मध्ये तिथे आणीबाणी लागली, केन्याटांना अटक झाली, पंतांबद्दलच्या तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावी लागली. पुढे १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला आणि तेच केन्याटा त्या देशाचे प्रमुख झाले. राजपुत्राचं कौतुक करायची आम्हाला हौस नाही. ज्याला गमवायला फारसं काही नाही त्याला धाडस सोपं जातं, हेही खरं. पण घराचं दार कुणासाठी उघडायचं हे ज्याच्या हातात होतं, त्याने ते उघडलं, एवढं मान्य केलं पाहिजे.

तिथून पंत कुटुंब गंगटोकला गेलं. सिक्कीम, भूतान आणि तिबेट यांचा कारभार पाहणाऱ्या भारतीय अधिकाऱ्याचं घर म्हणजे इंग्रजांनी १८९० च्या सुमारास डोंगरावर बांधलेली रेसिडेन्सी. पुढे ते सिक्कीमचं राजभवन झालं. बुद्धांच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षं झाली म्हणून १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये दलाई लामा नथुला खिंडीतून सिक्कीममार्गे भारतात आले, तेव्हा तिथले भारताचे प्रतिनिधी पंतच होते. नागपूरच्या दीक्षाभूमीला तेव्हा जेमतेम महिना-दीड महिना झाला होता. गंगटोकच्या तिबेटविद्या संस्थेची कोनशिला १९५७ च्या फेब्रुवारीत दलाई लामांच्याच हस्ते बसली.

आता छंदाविषयी. पंतांचा छंद होता सूर्यनमस्कार. वडिलांनी औंधच्या शाळांतून ते घालायला लावले होते. मुलाने ते नैरोबी, जाकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन, रोम असे सगळीकडे नेले आणि १९७० मध्ये त्यावर इंग्रजीत छोटं पुस्तकही काढलं. कुणी म्हणेल, यात काय विशेष? विशेष हे, की दर तीन वर्षांनी घर, हवा, भाषा, शेजार सगळं बदलत असताना रोज सकाळची एक गोष्ट तीच राहते. या कुटुंबांत छंद म्हणजे फावल्या वेळची मौज नव्हे. पेटीत न मावणारं, म्हणून मोजून परत द्यावं न लागणारं असं तेवढंच असतं.

पण त्यांच्या पत्नी नलिनीदेवी डॉक्टर होत्या. केनिया, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन, इटली ही नवऱ्याची कारकीर्द एका ओळीत लिहिता येते. बायकोच्या डॉक्टरकीची तशी ओळ कुणी लिहीत नाही. ज्या देशात पाय टेकायला तीन वर्षं मिळतात तिथे दवाखाना काय उभा राहणार! नियमही समजून घ्या. १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजनैतिक अधिकाऱ्याच्या राहत्या घराला संरक्षण दिलं आहे. यजमान देशाचे पोलीस परवानगीशिवाय आत येऊ शकत नाहीत. सोबत राहणाऱ्या कुटुंबालाही सवलती मिळतात. पण त्या अधिकाऱ्याने तिथे स्वतःच्या फायद्यासाठी धंदा-व्यवसाय करायचा नाही, असंही त्यात लिहिलेलं आहे. आणि जोडीदाराला नोकरी करायची तर त्या दोन देशांमध्ये तसा करार लागतो. असे करार आता बऱ्याच देशांशी झाले आहेत, सगळ्यांशी नाहीत. तेव्हा जावई काय करील, याचं उत्तर देशागणिक बदलतं. आतापर्यंत हा प्रश्न सुनांना कुणी विचारला नव्हता, एवढंच.

दुसरं घर आपल्याला जास्त जवळचं. के. आर. नारायणन. केरळातल्या उळवूर गावी गवताने शाकारलेल्या झोपडीत जन्म, रोज मैलोनमैल पायी शाळा, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं राहून ऐकलेले धडे. हे आपल्यापैकी अनेकांच्या बापांनी भोगलं आहे, त्याचा विस्तार नको. टाटांच्या शिष्यवृत्तीवर ते लंडनला हॅरल्ड लास्कींच्या हाताखाली शिकले आणि १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आले. सुरुवातीच्याच काळात ते रंगूनला होते. हे गाव आपल्याला १९५४ च्या जागतिक बौद्ध परिषदेमुळे माहीत आहे. बाबासाहेब तिथे गेले होते. त्याच गावात नारायणन यांची मा टिंट टिंट या ब्रह्मी तरुणीशी ओळख झाली. लग्न करायचं ठरलं, पण अधिकाऱ्याने परदेशी व्यक्तीशी लग्न करायचं तर परवानगी हवी. ती खुद्द पंडित नेहरूंकडून मिळाली आणि १९५१ च्या जूनमध्ये दिल्लीत लग्न झालं. मा टिंट टिंट उषा झाल्या, भारताच्या नागरिक झाल्या.

बघा, काय काय बदललं. देश, नाव, नागरिकत्व, बोलायची भाषा. आणि हे सगळं करून ज्या देशाच्या झाल्या, त्याची ओळख परक्या देशांत स्वतःच्या घरातून करून द्यायची. टोकियो, कॅनबेरा, हनोई, बँकॉक, अंकारा. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये आपला राजदूत नव्हता. १९७६ मध्ये तो पाठवायचा ठरलं तेव्हा नारायणन गेले. पुढे १९८० ते ८४ वॉशिंग्टन. ज्या माणसाला लहानपणी वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं, त्याच्या दारात आता मोठमोठ्या देशांचे मंत्री निमंत्रणाने येत होते. ते यजमान आणि शेजारी उषाताई. याला आम्ही नुसतं शिष्टाचाराचं काम म्हणायला तयार नाही.

उषाताईंनी मधल्या काळात दिल्लीत समाजकार्याचं उच्च शिक्षण घेतलं. आणि त्यांचा एक छंद होता: ब्रह्मी कथांचं इंग्रजीत भाषांतर. थेन पे म्यिंट या लेखकाच्या कथांचं त्यांचं पुस्तक १९९८ मध्ये निघालं, तेव्हा त्या राष्ट्रपती भवनात होत्या. नाव बदललं, पासपोर्ट बदलला, पण आईची भाषा त्यांनी अशी वहीत जपून ठेवली होती.

लेकरांच्या शाळेचं म्हणाल तर ओढाताण असते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तीन वर्षांत शाळा बदलते, मैत्रिणी तुटतात. केंद्रीय विद्यालय काठमांडू, मॉस्को आणि तेहरानला आहे; बाकी ठिकाणी आंतरराष्ट्रीय शाळा, नाहीतर मूल भारतातच वसतिगृहात. वसतिगृह म्हटल्यावर आपल्याला धास्ती वाटायचं कारण नाही. आपल्या दोन पिढ्या वसतिगृहांनीच घडवल्या. नारायणन यांची थोरली लेक चित्रा स्वतः परराष्ट्र सेवेत गेली आणि स्वित्झर्लंडमध्ये भारताची राजदूत झाली.

मुलींना लग्नाची वेगळी अट आहे का, असं विचारतात. पूर्वी होती. महिला अधिकाऱ्याला लग्नाआधी लेखी परवानगी घ्यावी लागे आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येई. पुरुषाला अशी भीती नव्हती. या सेवेतल्या पहिल्या महिला सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी या नियमांवर सडकून टीका केली. खटला चालू असतानाच सरकारने मुथम्मांना बढती देऊन टाकली, हा भाग गमतीचा. ती अट आता नाही. तेव्हा लग्नाचं कारण सांगून कुणी फॉर्म अडवत असेल तर त्याला हे साल सांगा.

शेवटी एका जवळच्या माणसाबद्दल. ज्ञानेश्वर मुळे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. १९८३ मध्ये सेवेत आले, टोकियोला गेले, जपानी शिकले, पुढे मालदीवला उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले. दिवसभर जपानी आणि इंग्रजी, आणि लिहायला बसले की मराठी. कविताही आणि गद्यही. त्यांचं 'माती, पंख आणि आकाश' १९९८ मध्ये आलं. आपल्या विहाराच्या वाचनालयात त्याची एकच प्रत आहे आणि ती सध्या कुणाकडे तरी आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती येत्या रविवारी जमा करावी. पाच मुलींनी नाव लावून ठेवलं आहे.