धाप, मूत्रपिंड आणि हृदय
१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने सर्वश्रुत झालेल्या शिरोड्यात, मिठागरांकडून वेळागरच्या किनाऱ्याकडे जाताना ज्या जीर्ण मूत्रपिंडविकाराच्या रुग्णाला वारंवार धाप लागते, त्याने ती केवळ वयाच्या खाती जमा धरू नये. कारण मूत्रपिंडे क्षीण झाली म्हणजे रक्तनिर्मितीस चालना देणारे संप्रेरक उणावून पंडुरोग जडतो, स्नायू झिजतात आणि वाढत्या रक्तदाबाशी झुंजणाऱ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड व ताठर होते. अशा पुष्कळ रुग्णांचा घात अखेर हृदयविकारच करतो. म्हणून वैद्यकीय तपासणीनंतर, डॉक्टरांच्या संमतीने, रोज बेताबेताने चालावे. छातीत कळ येताच थांबावे. खारवलेले बांगडे वर्ज्य मानावेत. आपल्याकडे आजाऱ्याला मायेने शहाळे देतात. परंतु विकार बळावलेल्या रुग्णाच्या रक्तात त्यातील पोटॅशियम साचून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे घरच्यांनी अवश्य ध्यानी घ्यावे.