जखऱ्याची पाटी
(महोत्सवी सभेत केलेले भाषण)



जखऱ्याची वाचा बंद झाली असता त्याने पाटी मागितली, आणि नातलगांनी बाळासाठी परस्पर ठरविलेले नाव त्या एका पाटीने फिरविले, हे लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. वाचा गेली म्हणून बापाचा अधिकार गेला नव्हता. आज आम्ही बोलणार आहो ते अशा पाट्या घडविणाऱ्यांविषयी.

मुंबईस हे कार्य परके नाही. मूकबधिर मुलांची शाळा येथे १८८५ साली निघाली, ती बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. पुढे १९७२ साली डॉ. मिथू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांसाठी संस्था स्थापिली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले; ते २०११ साली प्रसिद्ध झाले. अशा कित्येक मुलांचे कान व बुद्धी शाबूत असते. जीभ तेवढी आज्ञा मानीत नाही.

तज्ज्ञ प्रथम यंत्र काढीत नाही. मुलाचा कोणता अवयव खात्रीने हलतो, हे तो पाहतो: डोळा, मान, की कोपर? मग चित्रांचा साधा तक्ता करतो. हात चालत नसल्यास पडद्यावर चित्रामागून चित्र उजळते, आणि हवे ते येताच मूल हनुवटीने कळ दाबते. पवईच्या आयआयटीत 'जेलो' नावाचे असे एक साधन सिद्ध झाले आहे. ते मराठीतही बोलते. त्यात 'आवडते', 'नावडते', 'होय', 'नाही', 'अधिक' व 'कमी' अशा सहा कळा आहेत.

'यंत्र दिले तर पोर बोलायचे राहील,' अशी धास्ती आयांना वाटते. २००६ साली काही संशोधकांनी पूर्वीचे अभ्यास पडताळून पाहिले. विश्वसनीय ठरलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे घटले नव्हते, बहुतेकांचे किंचित वाढलेच होते. खरी अडचण आमच्या मते निराळी आहे. तक्त्यावरचे शब्द निवडतो कोण? पाणी, भात, शू एवढेच शब्द ठेविले, तर ते मूल जन्मभर मागतच राहील. त्याला रागावता येणार नाही, थट्टा करता येणार नाही. नकार देता येणार नाही, आणि कोणी अंगाला हात लावला तर सांगताही येणार नाही. चतुर तज्ज्ञ 'नाही' हा शब्द आधी शिकवितो. घरच्यांना मात्र तोच जड जातो!

पापनिवेदनाचेही तसेच. दुभाष्याकरवी निवेदन करण्यास धर्मसभेचा कायदा (कलम ९९०) मोकळीक देतो. पण ज्याच्या तक्त्यावर 'मी मारले', 'मी खोटे बोललो', 'मला वाईट वाटते' ही चित्रे आहेत, त्याला दुभाषा कशाला? आई बाहेर बाकावर बसेल. आम्ही मात्र घाई करू नये. एका वाक्यास दोन मिनिटे लागली तरी शब्द पुरवू नयेत.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळांतून अशा साधनांस उत्तेजन देण्याचे कर्तव्य सरकारावर घातले आहे. परंतु शिकविणारी माणसे कायद्याने उपजत नाहीत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तेथे वाचा व श्रवण या विषयांचे शिक्षण मिळते. अंधेरीहून धीम्या लोकलने वांद्रे चौथे स्थानक. आपल्या तरुणतरुणींपैकी कोणास जावेसे वाटल्यास त्यांनी रविवारच्या मिस्सेनंतर आम्हांस भेटावे. ज्यांच्या घरी न बोलणारे मूल आहे, त्यांनी त्यालाही सोबत आणावे. मागच्या बाकावर नव्हे, पुढे.